गल्लीत घोरणाऱ्या बारा गाड्या

१

एक होती गल्ली. गल्लीत एक होतं घर. घरात एक होता मिस्त्री, एक होती मिस्त्र्याची बायको, एक होता त्यांचा मुलगा आणि एक होती सून. मिस्त्र्याला आवाज फार, मुलाला कान फार, सुनेला काम फार आणि बायकोला तोंड फार. ती बायको म्हणजे मी.

मिस्त्री म्हणजे गाड्यांचा मिस्त्री. चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "गाडी कसातरी आवाज करते." कसातरी म्हणजे कसा, ते काही त्याला सांगता यायचं नाही. मग आमचे हे तोंडानेच गाडी चालू करून दाखवायचे. "असा येतो का? घुर्र-घुर्र-फट्? की खर्र-खर्र-खर्र आणि मधेच गप्प?" गिऱ्हाईक उडी मारायचं, "दुसरा, दुसरा!" बॉनेट उघडायच्या आधीच दुखणं सापडलेलं असायचं.

मुलगाही गाड्यांच्याच धंद्यात, पण उलट्या टोकाला. विजेच्या गाड्या आल्या त्या मांजरासारख्या. मागे येऊन कधी उभ्या राहतील पत्ता नाही. म्हणून त्यांना मुद्दाम आवाज बसवतात, रस्त्यावरच्या माणसाला कळावं म्हणून. तो आवाज तयार करायचं काम आमच्या मुलाचं. मिस्त्री त्याला चिडवायचे, "पोट नाही आणि ढेकर पाहिजे!"

त्याच्या कंपनीने आमच्याच गल्लीत बारा घरांना बारा पांढऱ्या गाड्या वापरायला दिल्या. तीन महिने वापरा, आवाज ऐका, आणि शेवटी हो की नाही ते सांगा. हो म्हणाले तर मुलाची नोकरी कायम. अकरा वर्षं तो तात्पुरताच होता. आमच्याकडे तात्पुरता हा शब्द आडनावासारखा झाला होता.

पहिला आवाज केला तो विमान उतरल्यासारखा. गाडी आली की लोक खाली वाकायचे. दुसरा डासासारखा. शेजारचे शिंपीकाका दुपारी झोपेतच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचे. तिसरा गोड केला, तर तो रडक्या बाळासारखा निघाला आणि समोरची बाळंतीण दहा दहा वेळा पाळण्याकडे धावू लागली. लोक आमच्या दारात येऊन भांडायला लागले.

"काकू, तुमच्या पोराला म्हणावं, गाडी नको पण आवाज आवर!"

शेवटचा महिना उरला तेव्हा मुलगा डोकं धरून बसला. मी म्हटलं, "अरे, घरात एवढं मोठं इंजिन बसलंय आणि तू बाहेर कसला शोधतोस?"

बोलून गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला. पुढचं सगळं त्या एका वाक्याने झालं.

२

मागच्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या केल्या. मधे स्टूल, स्टुलावर मिस्त्री, तोंडापुढे माइक.

"बाबा, चांगली ठणठणीत गाडी हं. आजारी नको."

"किती सिलिंडर?"

"चार."

"दात अकरा राहिलेत. चार सिलिंडर सहज निघतील."

आणि ह्यांनी इंजिन सुरू केलं. आधी घशात दोनदा चाचपडल्यासारखं, मग एकदम छातीतून. संथ, जाड, गरम. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला गॅरेजचा वास यायला लागला. मधल्या पडलेल्या दातातून बारीक शीळ निघत होती, तीसुद्धा त्या आवाजात शोभत होती. तेवढ्यात दूध उतू जायला आलं म्हणून मी आत पळाले.

मुलाने तो आवाज घासूनपुसून गाड्यांना बसवला आणि काय सांगू! गल्ली खूश. शिंपीकाका म्हणाले, "वा! आता गाडीत बसल्यासारखं वाटतं." कोपऱ्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात, त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. खरं तर हे आवाज त्यांच्यासारख्यांसाठीच. त्या काठी टेकवत आल्या आणि मला म्हणाल्या, "काकू, गाडी आली की आता कुणीतरी ओळखीचं येतंय असं वाटतं."

मिस्त्री तर काय, फुगून बसले. खिडकीत खुर्ची टाकायची आणि गाडी गेली की भुवया उडवायच्या. "ऐकलंस? मी गेलो आत्ता. हा बघ, परत आलो."

मी म्हटलं, "घरात एक होतात तेच जड होतं, आता तेरा झालात!"

३

आठवडाभराने एका दुपारी मी वाटाणे सोलत बसले होते आणि मला एकदम चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलंय ते कळेना. गॅस बंद होता, नळ बंद होता, सून कामावर गेली होती, मुलगा मागच्या खोलीत होता. वाटाणे टप टप पडत होते, ते एवढे स्पष्ट कधी ऐकू आले नव्हते.

मग कळलं. हे घोरत नव्हते.

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात जेवणानंतर दुपारी दोन ते चार ह्यांचं घोरणं चुकलेलं नाही. मी लगबगीने आत गेले. उताणे झोपले होते. तोंड उघडं, छाती वरखाली होतेय, मिशीचे केसही हलताहेत. सगळं जागच्या जागी, फक्त आवाज नाही. दूरदर्शनचा आवाज कुणी बंद करावा तसं.

खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, सुटले! देवाने एक्केचाळीस वर्षांनी ऐकलं. परत येऊन बसले, दोन शेंगा सोलल्या आणि घोरणं ऐकू आलं.

बाहेरून.

खिडकीखाली झाड आहे, त्याच्या सावलीत शिंपीकाकांची गाडी उभी असते. आवाज तिच्यातून येत होता. खर्रर्र, मग थोडं थांबणं, मग ती बारीक शीळ, मग फुस्स. मला ते तोंडपाठ आहे. मी पाहिलं, गाडीत कुणी नव्हतं. काचा वर, दारं बंद. शिंपीकाका दुकानात असतात त्या वेळी.

मुलगा पाणी प्यायला आला तेव्हा म्हटलं, "अरे, तुझी गाडी घोरते."

तो हसला. "आई, आवाज फक्त गाडी हळू चालत असताना येतो. उभी गाडी मुकी असते."

"आणि त्यात तू बाबांचं घोरणं घातलंस का?"

"मी कशाला घालू? घोरण्याने गाडी विकली जाते का?"

बरोबर होतं त्याचं. मी स्वतःला समजावलं की माझं वय झालंय, कान वाजत असतील, दुपारची डुलकी लागली असेल. तरी संध्याकाळी गुपचूप सुनेला सांगून कान तपासून आले. कान उत्तम निघाले. एवढा राग आला मला त्या चांगल्या कानांचा!

४

मग शिंक गेली.

ह्यांची शिंक म्हणजे पूर्वी गॅरेजमध्ये खिळ्यांना टांगलेले पाने खाली पडायचे. त्या दिवशी सकाळी चहा पिताना नाक आकसलं, मान मागे गेली, मी सवयीने कप धरला. जोरात झटका बसला, चहा बशीत सांडला, आणि आवाज टाचणीएवढाही नाही. त्याच क्षणी गल्लीच्या टोकाला एक पांढरी गाडी वळत होती, ती शिंकली. बसस्टॉपवरची पोरंबाळं खो खो हसली. बाळंतीण हसून म्हणाली, "काकू, गाडीला सर्दी झाली!"

मीही हसले. हसायचं नाही तर काय करायचं?

मिस्त्री म्हणाले, "कान बंद झाले वाटतं माझे. शिंकलो की नाही मी?"

"शिंकलात."

"मग ठीक."

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. चपला घालून हे अंगणात गेले, फरशीवर चपलांचा आवाज नाही. खुर्चीत बसले, ती जुनी खुर्ची माणूस बसला की कुरकुरते, ती गप्प. चष्मा पुसायला म्हणून काचेवर तोंडाची वाफ सोडली. हा... असं तोंड केलं. काच कोरडी. परत केलं. काच तशीच लख्ख.

आवाजाचं एक वेळ कानावर ढकलता येतं. वाफ तर डोळ्यांना दिसते.

सून दवाखान्यात नर्स आहे. तिला मी म्हटलं, "जरा ह्यांना तपास ग." ती छाती तपासायची नळी घेऊन आली, कानात घातली, बाबांच्या छातीवर ठेवली. इकडे ठेवली, तिकडे ठेवली. पाठीवर ठेवली. मग स्वतःच्या छातीवर ठेवून पाहिली. मग परत बाबांच्या.

"काय म्हणतंय इंजिन?" मिस्त्र्यांनी विचारलं. त्यांचा आवाज एव्हाना अगदी बारीक झाला होता, दाराआडून बोलल्यासारखा.

"बाबा, नळी बिघडलीये," ती म्हणाली. "उद्या दुसरी आणते." आणि हसली. पण स्वयंपाकघरात येऊन माझा हात धरला तेव्हा तिची बोटं बर्फासारखी गार होती.

"आई, माझं ऐकू येतंय. तुमचंही येईल. फक्त त्यांचं नाही."

"नाडी?"

"नाडी लागते. बोटाला लागते. पण ऐकू काहीच येत नाही."

बाहेर एक गाडी गेली. आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो. त्या जाड घरघरीच्या खाली, खोल, धक्-धक्, धक्-धक्.

आडात नाही आणि पोहऱ्यात भरलेलं. अशी गोष्ट कुणी ऐकली आहे का?

५

मग बोलणंही पार गेलं. घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं. म्हणाले, घसा उत्तम, विश्रांती द्या. मिस्त्री वहीवर लिहून दाखवू लागले. पहिल्या दिवशी लिहिलं, "बॅटरी उतरली." दुसऱ्या दिवशी लिहिलं, "तुझी मजा आहे, आता तूच बोल." तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी आणायला दारात पोचले होते. काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून त्यांनी मागून टाळ्या वाजवल्या. मी वळले ते नशिबाने. पाहते तर हे दोन्ही हात एकमेकांवर आपटताहेत, आपटताहेत, तळवे लाल झालेत, आणि खोलीत शांत. मला पाहिल्यावर थांबले. चाळीस वर्षांत एवढ्या गाड्यांखाली झोपले, कधी घाबरलेले पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले.

मी तशीच मागच्या खोलीत गेले.

"त्या गाड्या परत दे."

मुलगा स्क्रीनसमोर बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. त्यालाही कळलं होतं, कान फार ना त्याला. "आई, उद्या कंपनीच्या मॅडम येणार आहेत, सगळ्या गल्लीसमोर. परत दिल्या तर माझं संपलं. अकरा वर्षं..."

"आणि न देता तुझे बाबा संपले तर?"

"मी सगळं तपासलं ग. चार रात्री तेच करतोय. बसवलेल्या आवाजात फक्त इंजिन आहे. घोरणं नाही, शिंक नाही. आणि समज गाड्या परत दिल्या, त्या निघून गेल्या, तर..." तो थांबला.

तर ह्यांचे आवाजही त्यांच्याबरोबर निघून जातील. हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि एक गाडी तर आधीच गेली होती. चार दिवसांपूर्वी कंपनीने बारातली एक दुसऱ्या गावी प्रदर्शनाला म्हणून नेली होती.

माझा नवरा माझ्यापुढे बसला होता आणि त्याचा एकेक आवाज उठून गल्लीत राहायला जात होता. आवाज संपले की पुढे काय जातं, हे मला कुणाला विचारायचंही धैर्य नव्हतं.

६

दुपारी दोन वाजता मी पदर खोचला आणि शिंपीकाकांच्या गाडीपाशी गेले. भर ऊन. गल्लीत चिटपाखरू नाही. गाडी घोरत नव्हती. जवळ गेले तर आतून नुसता श्वास ऐकू येत होता, कामात गुंतलेल्या माणसाचा. हे बोल्ट निघत नसला की असाच श्वास टाकायचे, नाकातून, मधे मधे रोखून.

"अहो," मी म्हटलं. गाडीला अहो म्हणणारी मी पहिलीच असेन.

श्वास थांबला.

काचेला नाक लावून मी आत पाहिलं. कुणी नाही. पुढची सीट मात्र दबलेली होती, मधोमध, माणूस बसतो तशी. मग बघता बघता पुढच्या काचेवर आतून वाफेचा गोल उमटला. तोंडाएवढा. हळूहळू आटला. परत उमटला. एका बाजूला त्याला बारीक शेपूट होतं, पडलेल्या दाताच्या बाजूला.

आणि दुसरीकडे काहीतरी खरवडल्यासारखं वाजत होतं. स्टेअरिंगच्या खाली, उजव्या हाताला, काळं प्लास्टिक आहे. त्याच्यावर बारीक ओरखडे होते, गोलाकार, एकावर एक. माझ्या डोळ्यांदेखत त्यात एक नवा ओरखडा उठला. थांबला. दुसरा उठला. कुणीतरी दोन बोटं आणि अंगठा धरून तिथे काहीतरी फिरवू पाहत होतं.

जुन्या गाड्यांना किल्लीचं भोक तिथे असायचं. ह्या गाड्यांना किल्लीच नाही, बटण आहे.

मी किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. घरी आले तेव्हा चपला उन्हातच राहिल्या होत्या.

७

"त्या दिवशी बाबांनी गाडी बंद केली होती का?" मी मुलाला विचारलं.

"कुठली गाडी?"

"तोंडातली! गॅरेजमध्ये गिऱ्हाइकाला आवाज करून दाखवला की ते शेवटी किल्ली फिरवायचे. ठक् म्हणायचे, मग 'झालं, बंद.' कधी चुकले नाहीत. म्हणायचे, चालू इंजिन सोडून जाणारा तो मिस्त्रीच नव्हे. मी दूध बघायला गेले होते. त्यांनी केली का बंद?"

मुलाचा चेहरा उतरला. "केली होती. मी कापलं ते. आवाज गोल फिरत राहायला हवा ना, शेवटाचं टोक जोडलं जात नव्हतं. म्हणून टाकून दिलं."

"टाकलेलं कुठे जातं?"

"कचऱ्यात. म्हणजे संगणकातला कचरा असतो, त्यात."

"मग बसलास काय? काढ कचरा!"

सापडलं. एवढंसं होतं, नखाएवढं. ते इथूनच गाड्यांना पाठवून, गाडी थांबून बंद झाली की वाजेल असं बसवायचं होतं. मुलाने माझ्याकडे पाहिलं. "आई, पास झालेल्या आवाजात न विचारता ढवळाढवळ केली तर नोकरी जाते. कायमची सोड, तात्पुरतीसुद्धा."

दारात मिस्त्री येऊन उभे राहिले होते, आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं. कळणार कसं? त्यांनी मुलाकडे पाहून मान हलवली. नको, म्हणाले. हाताने दाखवलं, तुझं तू बघ, मी ठीक आहे.

मुलाने त्यांच्याकडे पाठ केली आणि बटण दाबलं.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सगळी गल्ली बाहेर. मॅडम आल्या, हातात आवाज मोजायचं यंत्र, कानात काहीतरी घातलेलं. आम्ही मिस्त्र्यांना दारात खुर्चीवर बसवलं होतं. सुनेने त्यांचं मनगट धरलं होतं आणि सोडत नव्हती.

गाड्या एकामागून एक आल्या. पहिली शिंपीकाकांची. घरघरत आली, थांबली, काकांनी बटण दाबलं.

ठक्.

"झालं, बंद."

अख्खी गल्ली चकित. मुलाने कपाळावर हात मारला. ठक् ठेवून बोलणं कापायचं तो घाईत विसरला होता. मिस्त्र्यांचा ठसठशीत आवाज, जसाच्या तसा. बाळंतीण फिस्सकन हसली. मॅडम हसल्या नाहीत.

माझं लक्ष तिकडे नव्हतं. मिस्त्र्यांच्या खाली खुर्ची कुरकुरली होती.

दुसरी गाडी. "झालं, बंद." तिसरी. "झालं, बंद." लोक आता गाडीबरोबर म्हणायला लागले. मिस्त्र्यांनी पाय हलवला आणि चपलेचा फटक्कन आवाज झाला. सहाव्या गाडीला त्यांनी चष्मा काढला, वाफ सोडली, काच पांढरीधोप. काचेकडे एकदा, माझ्याकडे एकदा पाहिलं. आठवीला सूनबाईने त्यांच्या छातीवर सरळ कानच टेकवला, चारचौघांत, आणि तिथेच रडायला लागली. लोकांना वाटलं हिला काय झालं. अकरावी गाडी बंद झाली आणि आमच्या ह्यांनी असा खाकरा काढला की तारेवरचे कावळे उडाले.

"अगं," ते म्हणाले, "घसा सुकला. पाणी आण."

मी पाणी आणायला आत गेले आणि माठापाशी दोन मिनिटं नुसती उभी राहिले.

बाहेर आले तर मॅडम मुलाला विचारत होत्या, "हा शेवट कुणाला विचारून घातलात?"

मुलाने बाबांकडे पाहिलं. तेवढ्यात काठीचा आवाज आला. गाणं शिकवणाऱ्या बाई पुढे आल्या.

"मॅडम, गाडी येतेय ते आम्हाला कळतं. ती थांबली की नाही, आत्ता निघेल की नाही, ते कधीच कळत नाही. मी गाडीपुढे पाच पाच मिनिटं उभी राहते, जाऊ की नको करत. आज पहिल्यांदा मला कुणीतरी सांगितलं की बाई, झालं, आता जा. विचारून घातलं असतं तर तुम्ही घालू दिलं असतं का?"

मॅडमनी यंत्र बंद केलं. मग त्या स्वतः शिंपीकाकांच्या गाडीत जाऊन बसल्या, चालू केली, बंद केली. परत चालू केली, बंद केली. उतरताना त्यांचा हात स्टेअरिंगच्या खाली गेला. "हे इथे कुणी खरवडलंय?" त्यांनी विचारलं.



९

आता सगळं ठीक आहे. घोरणं परत आलं, पहिल्यापेक्षा मोठं. एकच परत आलं नाही, काम करताना ओठांनी वाजवायचे ती त्यांची शीळ. ती बाराव्या गाडीत असणार. मुलाने तिलाही शेवट पाठवला. पण प्रदर्शनवाले म्हणतात गाडी परत पाठवली, आणि कंपनी म्हणते आलीच नाही. कधी कधी दुपारी हे ओठांचा चंबू करतात, गाल फुगवतात, फुंकतात. काही नाही.

"असू दे," म्हणतात, "फिरत असेल कुठेतरी. पेट्रोल संपलं की येईल."

"अहो, ती विजेची आहे."

तरी मी दुपारी खिडकी उघडी ठेवते.

पण जे दिलं ते भरभरून दिलं देवाने. गल्लीने एकमुखाने होकार दिला. कंपनीने तो शेवट सगळ्या गाड्यांना घेतला, बसगाड्यांनाही घेतला, ट्रकसाठी तर मिस्त्र्यांनाच परत बोलावलं. मी बरोबर जाते. माइकसमोर इंजिन सुरू झालं की स्टूल घेऊन दारात बसते, आणि ठक् ऐकल्याशिवाय कुणाला उठू देत नाही. घरी दूध उतू गेलं तर जाऊ दे.

आणि गेल्या सोमवारी मुलाच्या नावाचं पत्र आलं. अकरा वर्षं वाट पाहिलेलं. मुलाने ते न उघडताच बाबांच्या हातात दिलं. मिस्त्र्यांनी दारात उभं राहून वाचलं, खणखणीत, नावापासून शिक्क्यापर्यंत. "आपली नेमणूक कायम करण्यात येत आहे." शिंपीकाका मशीन थांबवून बाहेर आले. बाळंतीण बाळ घेऊन आली. सून डबा घेऊन निघाली होती, ती डबा खाली ठेवून तिथेच बसली.

मला पहिल्याच वेळी सगळं नीट ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, "कळलं नाही हो, जरा परत वाचा." त्यांनी परत वाचलं. मी म्हटलं, "अजून एकदा." तेव्हा त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, घसा साफ केला, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट आवाजात, तारखेपासून पुन्हा सुरुवात केली.